विराजच्या कानांसाठी पुण्याला

पुणं बघायचं माझ्या मनात फार वर्षं होतं. निपाणीजवळच्या आमच्या गावात एक मराठी शाळा आहे. तिथं चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवत मी निवृत्त झाले. आमची पाठ्यपुस्तकं पुण्यात छापलेली असायची आणि आमचे शिक्षक शुद्ध बोलायला सांगताना 'पुण्याची माणसं बोलतात तसं' म्हणायचे. सरकार कन्नड, घर मराठी, अशा मुलखात वाढलेल्या बाईला पुणं म्हणजे आपल्या भाषेचं घर वाटायचं. सहली निघायच्या तेव्हा कधी सासूबाईंचं आजारपण असायचं, कधी निवडणुकीचं काम. राहून गेलं.

शेवटी गेले ती सून आणि नातवाबरोबर, आणि तेही पुणं बघायला नव्हे. परत आल्यापासून शेजारणी विचारतात, "बाई, पुणं कसं हाय?" एकेकीला काय सांगायचं म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

माझा मुलगा संदीप गोव्यात पर्यटकांची गाडी चालवतो. सीझन असला की त्याला सुट्टी मिळत नाही. रूपाली माझी सून आणि विराज तिचा मुलगा, पाचव्या वर्षात असलेला. विराजला ऐकू येत नाही. हे आम्हाला कळेपर्यंत तो अडीच वर्षांचा झाला होता, कारण पोर हुशार होतं, ओठांकडं बघून, हातवारे बघून सगळं ओळखायचं. गावच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपर्यंत वाट बघा म्हणून सांगितलं. मग एका शिबिरात कानामागं लावायची मशीन मिळाली. ती लावून वर्ष गेलं, फरक पडला नाही. मग बेळगावला गेलो. तिथं कळलं की कानाच्या आत एक यंत्र बसवायची शस्त्रक्रिया असते, लहान मुलांसाठी सरकार ती मोफत करतं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण बेळगावच्या माणसांनी विराजचा जन्मदाखला बघितला आणि हात झटकले.

रूपालीचं माहेर कागलचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीतच आहे. निपाणी आणि कागल एवढ्या जवळ की भाजी आणायला माणसं इकडून तिकडं जातात. पण मध्ये कोगनोळीचा नाका आहे, नाक्याच्या अलीकडं कर्नाटक आणि पलीकडं महाराष्ट्र. विराज पलीकडं जन्मला, त्याचं आधार कार्डही तिकडच्याच पत्त्यावर निघालं. "जन्म महाराष्ट्रातला, आधार महाराष्ट्रातलं, मग तिकडेच जा," असं बेळगावला म्हणाले. कोल्हापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कान तपासले आणि म्हणाले, हे पुण्यालाच होईल, आणि वेळ घालवू नका. तेव्हा आम्ही निघालो.

बिबवेवाडी

स्वारगेटला उजाडताना उतरलो. रूपालीची मावसबहीण सुनीता बिबवेवाडीत राहते, तिच्याकडं उतरायचं ठरलं होतं. तिच्या नवऱ्याचं खाली फरसाणाचं दुकान आणि वर दोन खोल्या. जिन्यात पाय ठेवला तर तळणीचा वास, आणि वास आला तसा विराज हसला. त्याचं नाक आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट आहे.

सुनीतानं पिठलं-भाकरी केली होती, आणि आमटी. आमटीत गूळ. मी पहिल्या घासाला थांबले ते तिनं बघितलं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, रूपालीचं ऐकून तीही मला आत्याच म्हणायची.

"आत्या, मी पण कागलचीच. पण इथं येऊन बारा वर्षं झाली. आता मला गुळाशिवाय आमटी कडू लागते." तिनं फळीवरून कांदा-लसणाच्या चटणीची बरणी काढली. "ही माहेरून येते. घ्या."

दुपारी शेजारच्या जोशीकाकू डोकावल्या. साठीच्या असतील, अंगावर इस्त्रीची साडी. विराज दारात बसून स्टीलचा डबा फरशीवर आपटत होता. आवाज होतो हे त्याला कळत नाही, हाताला हादरा बसतो ते त्याला आवडतं.

"बाळ फार उद्योगी आहे," काकू म्हणाल्या. "आमचे हे दुपारी झोपतात. म्हणजे, कालपर्यंत झोपायचे."

रूपालीनं डबा काढून घेतला आणि काय झालंय ते सांगितलं. काकूंचा चेहरा उतरला. त्या घरी गेल्या आणि थोड्या वेळानं एक जुना कापडी चेंडू घेऊन आल्या. "हा आपटू दे त्याला. कितीही आपटू दे." पुण्याच्या बोलण्याची मला इथं पहिली ओळख झाली. आधी टोचतं, मग माणूस दिसतो. आमच्याकडं उलट आहे, आधी चहा पाजतात आणि मग टोचतात.

रुग्णालय

दुसऱ्या दिवशी कानाची मोठी तपासणी होती. कपाळाला आणि कानांमागं तारा चिकटवतात आणि कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्रावर बघतात. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. म्हणून सांगितलं होतं की पोराला पहाटेच उठवा आणि तिथं येईपर्यंत डोळा लागू देऊ नका.

ऐकू येणाऱ्या मुलाला जागं ठेवायला गाणी म्हणता येतात, गोष्टी सांगता येतात. विराजला जागं ठेवायचं म्हणजे सतत त्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलवत राहायचं. रूपालीनं पहाटेपासून बोटांची सावली भिंतीवर नाचवली, पदर उडवला, तोंडं वेडीवाकडी केली. रिक्षात मात्र ती दमली, क्षणभर खिडकीबाहेर बघितलं, आणि तेवढ्यात पोर तिच्या मांडीवर झोपलं. रुग्णालयाच्या दारात रिक्षानं गचका दिला आणि जागं झालं. आता ते टवटवीत होतं.

आत झोपेचं औषध पाजलं. त्यानं ते तपासणाऱ्या मुलीच्या पांढऱ्या कोटावर ओकलं.

"असू दे," ती म्हणाली. नुकतंच शिकून आलेली पोर होती. "बाहेर फिरवा त्याला. दमला की आणा. मी थांबते."

बाहेरच्या लांब व्हरांड्यात आम्ही फेऱ्या घालू लागलो. बाकावर एक तरुण बाई बसली होती, बरोबर विराजच्याच वयाची मुलगी. मुलीच्या केसांत कानामागं एक गोल बटणासारखं काहीतरी होतं, त्यातून वायर निघून कानावरच्या मशीनला गेलेली. विराज तिच्यासमोर थांबला आणि त्या बटणाला बोट लावलं.

"ज्यादा जोरात नको," मुलगी म्हणाली. "निघतं ते."

रूपाली जागच्या जागी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मुलीचे उच्चार जरा बोथट होते, 'ज'च्या जागी 'ज' आणि 'द' यांच्यामधलं काहीतरी येत होतं, पण ते बोलणं होतं. पुरं वाक्य होतं.

त्या बाईचं नाव शबाना. येरवड्याला राहणारी, तिच्या आजोबांपासून सगळे पुण्यातलेच. मुलीचं नाव झोया. शबानानं रूपालीला बाकावर ओढून बसवलं. "रडू नका ताई. मी पण हिथंच बसून रडले होते." मग तिनं सांगितलं की झोया ज्या दवाखान्यात जन्मली तिथं बाळांचे कान तपासायचं यंत्र होतं. तिसऱ्याच दिवशी नर्सनं सांगितलं की हिला ऐकू येत नसावं, अमुक ठिकाणी जा. वर्षाची झाल्यावर लगेच शस्त्रक्रिया झाली, सरकारी योजनेतून.

"तुमचा कुठं झाला?" तिनं विचारलं.

"कागलला. छोटा दवाखाना."

"यंत्र नव्हतं?"

"यंत्र असतं हेच ठाऊक न्हवतं," रूपाली म्हणाली.

झोया आणि विराज व्हरांड्याच्या टोकापर्यंत पळत गेली आणि परत आली, असं कितीदा तरी. शेवटी विराज माझ्या पायाशी येऊन बसला आणि बसल्या जागी कलंडला. तपासणी दुपारी झाली. मी दारातून बघत होते. पडद्यावर एक रेघ सरकत होती. मधून मधून तपासणारी मुलगी आवाज वाढवत होती, तिच्या बोटांवरून कळत होतं. रेघ तशीच सरळ राहिली. दोन्ही कानांची.

मंडई

पुढचा दिवस रविवार. कार्यालयं बंद. सुनीता म्हणाली, आत्या, पुण्याला आलाय तर निदान मंडई तरी बघा, आणि स्वतःही बरोबर आली.

मंडईची दगडी इमारत मला फार आवडली. आत उंच छप्पर, खाली गाळ्यांवर रचलेली वांगी, तोंडली, कैऱ्या, सगळं पुसून पुसून मांडलेलं. आमच्या निपाणीच्या बाजारात भाजी जमिनीवर पोत्यावर असते आणि तुम्ही वाकून निवडता. इथं विकणारी माणसं उंचावर बसतात आणि निवडू देत नाहीत. मी एक वांगं उलटं करून बघितलं तर गाळ्यावरचा माणूस म्हणाला, "आजी, मागच्या बाजूनं पण वांगंच आहे."

मला हसू आलं. रूपालीही हसली, घर सोडल्यापासून पहिल्यांदा. त्या हसण्याच्या नादात तिनं लिंबं घ्यायला हात मोकळा केला. त्याच हातात विराजचा हात होता.

मागं वळलो तर तो नव्हता.

मूल हरवलं तर आई काय करते? हाक मारते. रूपालीनं हाक मारली. मीही मारली. मारताना कळत होतं की काही उपयोग नाही, हा आवाज त्याच्यापर्यंत जन्मात पोचलेला नाही, आणि तरी आम्ही दोघी घसा फुटेपर्यंत ओरडत एका गाळ्यावरून दुसऱ्या गाळ्यावर धावत होतो. लोक थांबून विचारत, काय नाव मुलाचं? नाव सांगून काय करणार होते ते? सुनीता एका बाजूला गेली, मी दुसऱ्या. एवढ्या गर्दीत त्याला कुणी विचारलं तरी तो काय सांगणार होता? त्याला स्वतःचं नाव ठाऊक नाही. आम्ही त्याला विराज म्हणतो हे त्याला माहीतच नाही.

मला तो सापडला तो लसणाच्या गाळ्यापाशी. एका बाईनं त्याला पोत्यावर बसवून हातात गाजर दिलं होतं. तो गाजर खात होता, घाबरला नव्हता. रडत होते ती मीच.

"तुमचा का?" बाई म्हणाली. "किती वेळ विचारतेय, नाव सांग, नाव सांग, तर तोंड उघडेना. मुलाला नाव सांगायला तरी शिकवावं माणसानं. शिकलेल्या दिसता."

मी निवृत्त शिक्षिका. गावातल्या कित्येक पोरांना मी पाटीवर त्यांचं नाव काढायला शिकवलं. मी विराजला उचललं आणि तिला नमस्कार केला. ती थोडी चपापली. तेवढ्यात रूपाली आली. तिनं पोराला माझ्याकडून घेतलं आणि तिथंच पायरीवर बसली, छातीशी धरून, बराच वेळ. त्या दिवशी लिंबं राहिली, मंडईही राहिली. परत जाताना रिक्षात तिनं पहिल्यांदा मला विचारलं,

"आत्या, आम्ही नसलो तर हा कुणाला काय सांगणार?"

 

कार्यालय

सोमवारी मोफत शस्त्रक्रियेच्या योजनेसाठी सरकारी कार्यालयात गेलो. दारावरच्या फलकावर 'दिव्यांग' लिहिलं होतं, आतले शिपाई 'हँडिकॅपवाले इकडून' म्हणत होते. रांगेत बसलेल्या आयाबापांच्या मांडीवर पोरं होती, कुणी मान धरत नव्हतं, कुणाचे पाय वळलेले. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, पुढं कुठं जायचं? एकमेकांना विचारत होते. तिथं बसलेल्यांनाच जास्त माहिती होती आणि ती प्रत्येकाची निराळी होती.

आमची पाळी आली. टेबलामागचे साहेब चाळिशीचे, नीटनेटके. त्यांनी कागद उलगडून बघितले.

"मूल राहतं कुठं?"

"निपाणीजवळ," मी म्हणाले.

"म्हणजे कर्नाटक."

"हो. पण जन्म कागलचा. त्याच्या आईचं माहेर आहे तिथं."

"जन्म कुठंही होतो हो. विमानातही होतो."

"आधारपण कागलचं आहे."

"रेशनकार्ड?"

 रेशनकार्ड निपाणीचं होतं.

"मग योजना तुमची तिकडची," ते म्हणाले.

"बेळगावला म्हणाले की जन्म महाराष्ट्रातला, तिकडे जा."

"असं त्यांना लिहून द्यायला सांगा."

"ते लिहून देत नाहीत."

"आम्हीही देत नाही."

ते उद्धट नव्हते. 'ताई', 'बाई' याखेरीज बोलत नव्हते. रूपाली माझ्याशेजारी उभी होती, विराजला कडेवर घेऊन. ती मध्येच बोलली, "साहेब, बेळगावला बसलं यंत्र तरी शिकवणारे कन्नडमधनं शिकवणार. आम्हाला कुणाला कन्नड नीट येत न्हाई. घरात सगळे मराठी. ह्यानं कुठल्या भाषेत बोलायचं?"

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, त्याला अजून मराठीही येत नाही आणि कन्नडही नाही. त्याला चालेल."

हे बोलून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं असावं. आवाज खाली आला. "मी वाईट अर्थानं म्हणालो नाही. बाई, तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, कळतंय मला. पण या संगणकात भाषेचा रकाना नाही. जिल्ह्याचा आहे. आणि त्यात बेळगाव नाही." त्यांनी पडदा माझ्याकडं फिरवून दाखवला. खरोखरच नव्हतं. महाराष्ट्रातले सगळे जिल्हे एकाखाली एक, आणि आमचा नाही.

"काहीच मार्ग नाही?"

"कागलला राहतो असा दाखला काढा. तो तपासायला माणूस येईल. मग इथं अर्ज. मग समितीपुढं. मग रुग्णालयाची पाळी." ते थांबले. विराजच्या जन्मदाखल्यावर बोट ठेवलं. "पाच वर्षांच्या वयाची अट शस्त्रक्रियेच्या दिवशी बघतात. अर्जाच्या दिवशी नाही. एवढं होईपर्यंत हा त्या अटीबाहेर जाईल. तुम्ही आधी का नाही आलात?"

रूपाली म्हणाली, "आधी कुणी सांगितलं न्हाई."

"अंगणवाडीत मुलं तपासायला पथक येतं."

ते येतं. कागलला आलं तेव्हा विराज निपाणीला आला होता. निपाणीला आलं तेव्हा इथल्या जन्मांत त्याचं नाव नव्हतं, म्हणून त्याला कुणी बोलावलं नाही. दोन सरकारं आपापल्या पोरांना बघून गेली होती. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दुसरं काय करणार होते?

येरवडा

त्याच दिवशी संध्याकाळी शबानाकडं जेवायला गेलो. तिनं फोन करून करून बोलावलं होतं. बस नदीवरच्या पुलावरून गेली, पुढं तुरुंगाची लांबच लांब भिंत, आणि मग अरुंद गल्ल्या. तिच्या नवऱ्याचं चष्म्याच्या फ्रेमा दुरुस्त करायचं दुकान आहे. घर छोटं, पण भिंतीवर सगळीकडं चित्रं चिकटवलेली. पंखा, दार, ग्लास, साबण, आणि प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात नाव. मला माझा वर्ग आठवला.

"दिवसभर बोलावं लागतं," शबाना म्हणाली. "पाणी पिते तर म्हणायचं, झोया पाणी पिते. मी भांडी घासते तर म्हणायचं, अम्मी भांडी घासते. लोकांना वाटायचं डोकं फिरलंय हिचं."

माझा सोमवार आहे हे तिला रूपालीनं कधीतरी सांगितलं होतं. तिनं माझ्यासाठी निराळ्या पातेल्यात साबुदाण्याची खिचडी केली होती, शेजारच्या शिंदेवहिनींना विचारून. "मीठ बघा बाई. मी पहिल्यांदाच केली." खिचडी थोडी चिकट झाली होती. मी दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर झोयानं आम्हाला चित्रं वाचून दाखवली. विराज तिच्यामागं मागं. ती 'पंखा' म्हणाली की तो तिच्या ओठांकडं बघून आपले ओठ तसेच करायचा, आवाजाशिवाय. मग बोटानं आपल्या कानामागं टकटक करायचा आणि आईकडं बघायचा. त्याला तसं बटण हवं होतं. खेळण्यासारखं. रूपालीनं मान फिरवली.

शबानाला मी विचारलं, "आता तुला काळजी नाही ना?"

 "बाहेरचं मशीन मागच्या पावसाळ्यात बंद पडलं. योजनेत एकदाच मिळतं. नवीन पार्टचे पैसे कोण देणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन महिने ती परत बहिरी. एक दिवस उठली आणि बोललीच नाही. मला वाटलं, संपलं सगळं." तिनं झोयाचे केस सारखे केले. "शेवटी हिच्या अब्बूंच्या दुकानावर कर्ज काढलं. परत बिघडलं तर काय, ते अल्लाला माहीत. देतात आणि विसरतात ते."

आम्हाला निरोप द्यायला ती बसस्टॉपपर्यंत आली. रूपालीचा हात धरून म्हणाली, "ताई, उद्या डॉक्टर काय पण म्हणू दे, पोराशी बोलायचं सोडू नका."

पुन्हा रुग्णालय

मंगळवारी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. तपासणीचे निकाल त्यांच्यासमोर होते. वयस्कर गृहस्थ, बोलणं सावकाश. त्यांनी रूपालीला खुर्ची दिली आणि विराजच्या हातात आपलं पेन दिलं.

मी त्यांना सांगून टाकलं की योजनेचं होत नाही. माझ्याकडं निवृत्तीचे पैसे आहेत, थोडी शेती आहे, सगळं विकते, तुम्ही शस्त्रक्रिया करा.

"मावशी, खरं सांगू का?" ते म्हणाले. "पैशाचं असतं तर मीच चार ठिकाणी शब्द टाकला असता. पण हा मुलगा जवळजवळ पाच वर्षं काहीही न ऐकता वाढलाय. मेंदूतला ऐकायचा भाग वाट बघून बघून दुसऱ्या कामाला लागतो. आता यंत्र बसवलं तर याला आवाज कळतील. हॉर्न, दार, कुत्रा. पण आवाजाचे शब्द होतील, शब्दांचं बोलणं होईल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. फार थोड्या मुलांचं या वयात होतं. तुम्ही शेत विकाल, आणि हा तसाच राहील, आणि मग तुम्ही त्याच्यावर रागवाल."

"दोन वर्षांचा असता तर?" रूपालीनं विचारलं.

"दोन वर्षांचा असता तर आपण हे बोलत बसलो नसतो."

 विराज पेनानं आपल्या तळहातावर रेघा काढत होता. डॉक्टरांनी मग खुणांच्या भाषेचं सांगितलं, मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेचं सांगितलं. सहाव्या वर्षापासून घेतात, वसतिगृह असतं. तो खुणांनी शिकेल, लिहायला शिकेल, चांगला माणूस होईल. ते मनापासून बोलत होते. मी विचारलं, "आमच्या भागात अशी शाळा कुठं?" त्यांनी खांदे उडवले नाहीत, टाळलं नाही. म्हणाले, "तुमच्या बाजूचं मला माहीत नाही. तुम्हाला तिकडेच विचारावं लागेल."

तिकडेच म्हणजे कुठल्या तिकडे, हे मी त्यांना विचारलं नाही.

बाहेर आल्यावर रूपाली रडली नाही. नळावर गेली, विराजचे शाईचे हात धुतले, पदरानं पुसले. म्हणाली, "चला आत्या. दुपारची गाडी मिळंल."

संदीपचा फोन आला तेव्हा आम्ही स्वारगेटला होतो. त्याला तिनं एवढंच सांगितलं, "उशीर झाला म्हणाले." त्याला वाटलं गाडीला उशीर झाला. "मग पुढची पकडा," तो म्हणाला. तिनं फोन माझ्याकडं दिला आणि ती विराजला घेऊन गाडीत जाऊन बसली. गाडीच्या मागं उभं राहून मीच त्याला सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "आई, पॅसेंजर आलेत," आणि ठेवला.

गावी

आल्याला आता बरेच दिवस झाले. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेसाठी मी पत्रं धाडली आहेत, दोन्हीकडं. एकाचं उत्तर आलं, कन्नडमध्ये. कळवलं आहे की संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा. विराज रोज शेजारच्या पोरांत खेळतो. अलीकडं ती पोरं त्याला खेळातून वगळू लागली आहेत. लपाछपीत त्याला 'आलो' म्हणून ओरडलेलं कळत नाही, मग खेळ मोडतो. तो भिंतीशी उभा राहून बघतो.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या कांबळ्यांच्या घरी मुलगी झाली. बाराव्या दिवशी बायका जमल्या होत्या. पाळणा फुलांनी सजवलेला, बाळाला कुंची घातलेली, नाव ठेवायची तयारी चाललेली. रूपाली कुठं जात नाही हल्ली, पण त्या दिवशी आली. हातात खण, नारळ काही नव्हतं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, परात आणि उलथनं घेऊन आली, पाळण्याच्या डोक्याशी, बाळाला दिसणार नाही अशी उभी राहिली, आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं परातीवर जोरात उलथनं हाणलं.

बाळ दचकलं. दोन्ही हात फाकले, आणि टाहो फोडला.

बायका उठल्या. बाळाची आजी तावातावानं म्हणाली, "काय हे, रूपाली? शुभाच्या वेळी? स्वतःचं तसं झालं म्हणून काय दुसऱ्याच्या लेकराला..." बाळंतीण पोरीला उराशी धरून तिच्याकडं बघत राहिली, भेदरल्यासारखी.

रूपालीनं परात खाली ठेवली. "ऐकतंय," ती म्हणाली. "चांगलं ऐकतंय." आणि वाट काढत बाहेर निघून गेली.

मी तिच्यामागं गेले. आजीचं बोलणं अजून चालू होतं, आणि बाळ रडत होतं. रूपाली अंगणात उभी होती, घराकडं पाठ करून, ते रडणं ऐकत.